धर्मप्रचारक दारी येतात तेव्हा...

जळगाव/धुळे, (प्रतिनिधी) : दुपारचे दोन-अडीच वाजलेले असतात. जळगावच्या एखाद्या कॉलनीत किंवा धुळ्याच्या देवपूर भागात जेवणे आटोपून पुरुषमंडळी कामावर परतलेली, मुले शाळेत, घरात एक गृहिणी आणि नुकताच डोळा लागलेले सासू-सासरे. अशा वेळी फाटकाची कडी वाजते. दारात नीटनेटक्या वेशातील दोन व्यक्ती उभ्या असतात. खांद्याला पिशवी, हातात रंगीत मुखपृष्ठाचे पातळ मासिक. "ताई, दोनच मिनिटे बोलायचे होते," अशी सुरुवात होते. विक्रेते म्हणावे तर विकायला काही नाही, वर्गणीवाले म्हणावे तर पावतीपुस्तक नाही. पाठोपाठ प्रश्न येतो, जगात एवढे दुःख का आहे, असे तुम्हाला कधी वाटते का? मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झुकलेला असताना खानदेशातील गृहिणीला मात्र निराळाच प्रश्न पडलेला असतो. यांना पाणी विचारावे, की दार लावून घ्यावे?

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुढचे सारे त्याच्याच पोटात आहे. दारी आलेल्याला पाण्याशिवाय परत पाठवू नये, अशी इकडची रीत. "या, बठा" हे अहिराणी शब्द तोंडून निघाले, की पाहुणा ओसरीवर येतो आणि दोन मिनिटांचा तास होतो. नको म्हणायचे कसे, हे न कळल्याने पुढच्या आठवड्याची वेळही दिली जाते. दुसरीकडे, याच्या नेमके उलटही घडते. कोणीतरी "धर्म बाटवायला आलेत" अशी हाक घालतो, गल्ली जमा होते आणि पिशव्या घेऊन आलेल्या दोघांची वरात पोलीस ठाण्याकडे निघते. कायद्याने बोलणाऱ्याला काय दिले आहे आणि ऐकणाऱ्याला काय, याची स्पष्ट कल्पना दोन्ही प्रसंगांत सहसा कोणालाच नसते.

दारी येणारे कोण?

घरोघरी जाऊन धर्म सांगणारे म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, असे सरसकट समजले जाते. ते अपुरे आहे. महाराष्ट्राच्या दाराला धर्माची सवय फार जुनी आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, पिंगळा, गोंधळी, नंदीबैलवाला हे सारे दारावरूनच देवाचे नाव देत आले. चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना अटन आणि भिक्षा सांगितली, त्यामुळे महानुभाव साधकाला गृहस्थाचे दार टाळता येणे शक्यच नव्हते. जैन साधू-साध्वी आजही गोचरीसाठी घरोघर फिरतात. अहमदाबादजवळील पिराणा येथील इमामशाह यांच्या परंपरेतला सतपंथ फिरत्या उपदेशकांमार्फत गावोगावी पोहोचला आणि फैजपूरचे सतपंथ मंदिर आजही त्या प्रवासाची साक्ष देते. फरक एवढाच, की वासुदेव दान पावले की पुढे जातो. ऐकणाऱ्याने आपले जुने सोडून नवे धरावे, ही अपेक्षा तो ठेवीत नाही.

अलीकडच्या काळात दारोदारी संपर्काची पद्धत जवळजवळ प्रत्येकच पंथाने स्वीकारली आहे. पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०-२००३) यांच्या स्वाध्याय परिवाराची भक्तिफेरी हे त्याचे ठळक उदाहरण. स्वाध्यायी स्वखर्चाने परगावी जातात, घरोघरी भेटतात, मात्र शिदोरी आपली बांधून नेतात. ज्याच्या दारी जायचे त्याच्यावर भार टाकायचा नाही, हा त्यामागचा विचार. गायत्री परिवाराचे कार्यकर्ते, पांढऱ्या साडीतील ब्रह्माकुमारी भगिनी, गीतेच्या प्रती घेऊन फिरणारे इस्कॉनचे तरुण हेही शहरी वस्त्यांना परिचित आहेत. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२१ च्या आरंभी निधी संकलन झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये अक्षता वाटल्या गेल्या, तेव्हाही कार्यकर्ते घरोघरच गेले होते.

मुस्लिम वस्त्यांत तबलीगी जमातीचे 'गश्त' असते. मौलाना मुहम्मद इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातमध्ये सुरू केलेल्या या चळवळीत सर्वसामान्य माणूस तीन दिवस, चाळीस दिवस किंवा चार महिने स्वतःच्या खर्चाने घराबाहेर पडतो. मात्र ही मंडळी इतर धर्मीयांकडे जात नाहीत. नमाजाला न येणाऱ्या मुस्लिमाचेच दार ती ठोठावतात. त्या अर्थी, अंतर्गत धर्मप्रसाराचा त्रास वा आनंद जो काही असेल तो त्या-त्या समाजालाच अधिक ठाऊक असतो.

ख्रिस्ती समाजाचेही तसेच आहे. खानदेशातील जुन्या, प्रस्थापित मंडळ्यांचे पाळक आपल्या सभासदांच्या घरी प्रार्थनेला जातात, परंतु अनोळखी दारे ठोठावणे हा त्यांचा रोजचा शिरस्ता नाही. ते काम प्रामुख्याने लहान, स्वतंत्र गटांचे सुवार्तिक करतात. जगभर या पद्धतीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते म्हणजे 'यहोवाचे साक्षीदार'. त्यांच्या कार्यपद्धतीकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण दारावर येणाऱ्यांत इतकी शिस्त अन्य कोणाची क्वचितच असेल.

अमेरिकेतील चार्ल्स टेझ रसेल यांनी १८७९ मध्ये सुरू केलेल्या मासिकाभोवती हा पंथ उभा राहिला आणि १९३१ मध्ये त्याने आजचे नाव घेतले. भारतात त्यांचे काम १९०५ पासून आहे. 'टेहळणी बुरूज' आणि 'सावध राहा!' ही त्यांची नियतकालिके मराठीतही निघतात. (दारावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी आणि दारात 'सावध राहा!' घेऊन उभे असलेले प्रचारक, असा योग जुळून येणे अशक्य नाही.) प्रत्येक सभासद हा प्रचारक, असा त्यांचा नियम आहे. पगारी धर्मगुरू नाहीत. जोडीने जायचे, वाद वाढवायचा नाही, रस दिसला तर पुन्हा भेटीची वेळ ठरवायची आणि हळूहळू बायबलचा अभ्यास सुरू करायचा, अशी ही चाकोरी. कोणी किती तास प्रचार केला, याची नोंद दरमहा द्यावी लागे. सामान्य सभासदांसाठी ही तासांची नोंद नोव्हेंबर २०२३ पासून बंद झाली. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये त्यांनी जगभर दारोदारी जाणे थांबविले आणि पत्रे व दूरध्वनीवर भर दिला. १ सप्टेंबर २०२२ पासून ते पुन्हा दारी येऊ लागले.

हे साक्षीदार त्रैक्य मानीत नाहीत, नाताळ किंवा वाढदिवस साजरे करीत नाहीत, राष्ट्रगीत गात नाहीत, मतदान करीत नाहीत आणि दुसऱ्याचे रक्त घेत नाहीत. साहजिकच, अनेक ख्रिस्ती मंडळ्या त्यांना ख्रिस्तीच मानायला तयार नसतात. ते ख्रिस्ती कुटुंबांच्या दारीही जातात, तेव्हा तेथेही अस्वस्थता तेवढीच असते. दारावरच्या दहा मिनिटांत यातील बहुतेक गोष्टी निघत नाहीत. रक्त न घेण्याची बाब तर घरात कोणी शस्त्रक्रियेच्या दारात उभे असेपर्यंत बहुधा लक्षातही येत नाही. म्हणूनच, ज्यांना या भेटी पुढे चालू ठेवायच्या आहेत त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलेला बरा.

दोनशे वर्षांचा वाद

मराठी मुलखात आधुनिक मिशनरी आला तो १८१३ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारलाच ते नको होते. धर्मात ढवळाढवळ झाली तर व्यापार व राज्य धोक्यात येईल, ही भीती. हॉल मराठी शिकले, गावोगाव हिंडून पुस्तके वाटू लागले आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या अशाच एका फेरीत पटकीने त्यांचा अंत झाला. प्रचारकाच्या पायपिटीची किंमत प्रचारकालाही मोजावी लागे, हे आज विसरले जाते.

ऐकणारेही गप्प बसले नाहीत. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकर यांनी जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद घातला. १८५७ च्या पहिल्या सहामाहीत विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना प्रश्न विचारले. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच त्या वादाची टिपणे ठेवली. लाठ्या-काठ्यांऐवजी सवाल-जबाब, अशी ती रीत होती. त्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात काय पेटले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

खानदेशात मिशनची ठाणी पडली ती पुढे, रेल्वे आल्यानंतर. पूर्व खानदेशात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या भागात अमेरिकेतील अलायन्स मिशनचे, तर पश्चिम खानदेशात नंदुरबार-नवापूर पट्ट्यात स्कॅन्डिनेव्हियन पार्श्वभूमीच्या मिशनांचे काम सुरू झाले. चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय १९४० च्या दशकातले. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे. पुरुष मिशनरी बाजारात उभा राहून बोलू शकत असे, पण माजघरापर्यंत त्याची पोच नव्हती. त्यासाठी 'बायबलवाल्या बाई' असत. त्या मराठी बोलणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या, ओव्या-भजने म्हणणाऱ्या स्थानिक स्त्रियाच असत. आज दुपारच्या वेळी दारात दोन महिला येतात, त्या परंपरेचे मूळ येथे आहे.

भाषेची एक गंमत येथे नोंदवायला हवी. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून जो उतारा ठरवून दिला होता, तो बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा. अहिराणीच्या अभ्यासकाला आजही त्या पानांकडे जावे लागते. धर्मप्रसाराशी काडीचा संबंध नसलेल्या संशोधकाच्या टेबलावरही हा दृष्टान्त असा आडवाटेने येऊन बसला आहे.

एका भेटीचे काय होऊ शकते, याचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दारातले नसून रेल्वेच्या डब्यातले आहे. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका परदेशी गृहस्थाशी संस्कृत काव्यावर बोलणे निघाले. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोणी आमिष दाखविले नाही, कोणी धाक घातला नाही. दोन सुशिक्षित माणसांत झालेला तो संवाद होता आणि निर्णय सर्वस्वी टिळकांचा होता.

तथापि, या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे. ज्या संवादात त्या नव्हत्याच, त्याचे परिणाम त्यांच्या वाट्याला आले. नवरा हयात असून ताटातूट, माहेरच्यांचा आसरा, पोरासह परावलंबी जिणे असे सुमारे पाच वर्षे चालले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतः विचार करून, आपल्या वेळेला. धर्मांतरावरील चर्चेत प्रचारक आणि धर्म बदलणारा, एवढीच दोन माणसे धरली जातात. चुलीपाशी बसलेले तिसरे माणूस मोजले जात नाही. घरोघरीच्या प्रचाराला होणारा विरोध अनेकदा आंधळा असतो हे खरे, परंतु त्यामागची घर फुटण्याची भीती सर्वस्वी काल्पनिक नाही, हेही तितकेच खरे.

घटना काय म्हणते?

घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. यातील 'प्रसार' हा शब्द सहजासहजी आलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर खडाजंगी झाली. धर्म ही खासगी बाब असल्याचे सांगून तजमुल हुसेन यांनी, तर फाळणीच्या जखमा ताज्या असल्याचे सांगून लोकनाथ मिश्र यांनी या शब्दाला विरोध केला. कन्हैयालाल मुन्शी यांनी हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा भाग असल्याचे सांगितले. भाषणस्वातंत्र्य असताना आपला धर्म पटवून देण्यास मनाई करता येणार नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. हा हक्क केवळ ख्रिस्ती लोकांना नाही, आर्य समाजालाही शुद्धीसाठी तो तेवढाच खुला आहे, असे टी. टी. कृष्णमाचारी यांनी ६ डिसेंबर रोजी निदर्शनास आणले. शब्द राहिला.

त्याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये आखून दिली. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेल्या कायद्यांना आव्हान देणाऱ्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सरन्यायाधीश ए. एन. रे यांच्या पाच सदस्यीय पीठाने निकाल दिला. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा प्रसाराचा हक्क आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा मात्र कोणाचा हक्क नाही, कारण तसे मानले तर समोरच्याच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यालाच बाधा येते, असा त्याचा आशय. या निकालावर टीकाही पुष्कळ झाली. समजावणे कोठे संपते आणि घडवून आणणे कोठे सुरू होते, हे कागदावर जितके स्पष्ट आहे तितके ओसरीवर नसते, हा टीकाकारांचा मुद्दा चुकीचा म्हणता येणार नाही.

खानदेशाला लागून असलेल्या गुजरातने २००३ मध्ये, तर मध्य प्रदेशाने जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये या विषयावर कायदे केले. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून सक्तीच्या धर्मांतराविरोधातील कायद्याचा विषय ऐरणीवर आणला. शेजारच्या राज्यांतील कायद्यांचा रोख बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांनी घडविलेल्या धर्मांतरावर आहे. दारात उभे राहून चार वाक्ये बोलणे आणि पत्रक देणे म्हणजे धर्मांतर नव्हे.

मग घरमालकाचा हक्क कोठे आहे? या प्रश्नाचे सर्वांत सुटसुटीत उत्तर अमेरिकेतील एका पोलाद कारखान्यांच्या गावाने मिळवून दिले. ओहायो राज्यातील स्ट्रदर्स येथे कामगार रात्रपाळी करून दिवसा झोपत. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून नगरपालिकेने पत्रके वाटण्यासाठी दाराची घंटा वाजविण्यासच बंदी घातली. साक्षीदारांपैकी एका महिलेला दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९४३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने बंदी रद्द केली. ऐकायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार नगरपालिकेचा नाही, त्या-त्या घराचा आहे. ज्याला नको त्याने दारावर पाटी लावावी आणि ती पाटी झुगारणाऱ्याला शिक्षा करता येईल, असे न्यायालयाने सुचविले.

तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण भुसावळकरांना तो समजावून सांगावा लागणार नाही. रेल्वेचा कर्मचारी, दीपनगरच्या वीज केंद्रातला कामगार किंवा वरणगावच्या आयुधनिर्माणीतला नोकरदार रात्रपाळी करून दुपारी आडवा झालेला असतो. त्याच्या बायकोला दारातल्या माणसाच्या धर्माशी काही देणेघेणे नसते. घंटा वाजू नये, एवढेच तिला हवे असते.

युरोपातील एक प्रकरणही उद्बोधक आहे. ग्रीसमध्ये मिनोस कोक्किनाकिस या साक्षीदार प्रचारकाला आयुष्यात साठहून अधिक वेळा अटक झाली. मार्च १९८६ मध्ये क्रीट बेटावरील सितिया गावी ते पत्नीसह एका घरी गेले. त्या घरची गृहिणी नेमकी स्थानिक चर्चमधील गायकाची पत्नी निघाली. पतीने पोलिसांना कळविले आणि शिक्षा झाली. १९९३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती शिक्षा चुकीची ठरविताना साक्ष देणे आणि अनुचित मार्गाने धर्मांतर घडविणे यांत फरक केला. गरजू माणसाला लाभ दाखविणे, अडचणीत असलेल्यावर दडपण आणणे हे दुसऱ्या प्रकारात येते.

भारतात घरमालकाच्या मदतीला दोन गोष्टी आहेत. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला आहे. दुसरी गोष्ट अधिक व्यवहारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमात गृहअतिक्रमणाची तरतूद आहे. परवानगीने आत आलेला माणूसही 'जा' म्हटल्यानंतर त्रास देण्याच्या वा धमकाविण्याच्या हेतूने तेथेच थांबला, तर तो अतिक्रमण करतो. म्हणजे दार वाजविणे गुन्हा नाही, नकार मिळाल्यावर अडून बसणे गुन्हा ठरू शकते. दुसऱ्याच्या श्रद्धेला हेतुपुरस्सर दुखावणारे बोलणे ३०२ व्या कलमाखाली येते आणि ते दारातल्या पाहुण्याला जसे लागू आहे, तसेच घरातून त्याच्या देवाला शिव्या घालणाऱ्यालाही.

आजारी माणसाचे घर

खरी अडचण तत्त्वचर्चेची नसतेच. ती आजारपणाची असते. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्या घरात प्रार्थनेने बरे वाटेल असे सांगणारा माणूस फार सहज आत येतो. ख्रिस्ती गटांत 'चंगाई'ची प्रार्थना असते, इतरांकडे अंगारा, ताईत, दोरा, मंतरलेले पाणी असते. नावे वेगळी, उंबरठा ओलांडण्याची वाट एकच. सातपुड्याच्या पाड्यावर जवळचा दवाखाना अनेक किलोमीटर दूर असतो, तेथे प्रार्थना करणारा माणूस डॉक्टरच्या आधी पोहोचतो, याला त्या माणसाइतकीच आरोग्ययंत्रणाही जबाबदार आहे.

प्रार्थना करणे गुन्हा नाही. उपचार थांबवायला लावणे मात्र गंभीर ठरू शकते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर वटहुकूम निघून डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेला जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही एका धर्माचे नाव घेत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा कमावणे व लोकांना ठकविणे, तसेच साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हे त्याच्या अनुसूचीत आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. कीर्तन, प्रवचन, प्रार्थना त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या केंद्रीय कायद्यापासूनच बंदी आहे. औषधाची गोळी बंद करा, असे कोणी सांगू लागले, की चर्चा संपली असे समजून डॉक्टरांना फोन करावा.

धर्म बदलला तर सवलती जातात काय, हा प्रश्न दलित व आदिवासी वस्त्यांत हटकून निघतो आणि त्याबाबत दोन्ही बाजूंकडून चुकीचे सांगितले जाते. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध व्यक्तींपुरता आहे. ख्रिस्ती वा मुस्लिम झालेल्यास तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. याचे उदाहरण शोधायला जळगाव जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतील तडवी भिल्ल हे मुस्लिम असून अनुसूचित जमातीत आहेत. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळावे, अशी मागणी काही संघटना करतात, ती वेगळी गोष्ट. विवाह आणि वारसा यांवरही परिणाम होतो. हिंदू विवाह कायद्याखाली जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे एक कारण आहे. त्यामुळे कोणी घाईने कागदावर सही मागत असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

दार लावण्याची रीत

नकार देण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. "पुढे जा बुवा" हे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे आणि त्यात अपमान कोणी मानला नाही. "आम्हाला यात रस नाही, पुन्हा येऊ नका," एवढे स्पष्ट वाक्य पुरते. कारणे सांगत बसले, की संवाद वाढतो. "आज वेळ नाही" म्हटले, तर त्याचा अर्थ उद्या या, असा घेतला जाणारच. आपल्या घरी पुन्हा येऊ नये, असे सांगितल्यास शिस्तीतले गट तशी नोंद ठेवतात. पाणी द्यावेसे वाटले तर फाटकाशी द्यावे. पाणी दिल्याने ऐकण्याचे बंधन येत नाही. एकट्या-दुकट्या वृद्धांनी अनोळखी माणसाला आत घेऊ नये, हे तर धर्माशी संबंध नसलेले शहाणपण आहे. साधूच्या वेशात येऊन ग्रहशांतीच्या किंवा दागिन्यांना उजाळा देण्याच्या निमित्ताने सोने लांबविणारे भामटे खऱ्या प्रचारकांहून अधिक नुकसान करतात. धमकी, अडून बसणे किंवा पैशांचे आमिष असा प्रकार असेल, तर ११२ हा क्रमांक आहे.

गर्दी गोळा करणे मात्र कोणत्याच कायद्यात बसत नाही. पिशवीत धार्मिक पुस्तके सापडली म्हणून कोणाला अडवून ठेवण्याचा, मोबाइलमध्ये चित्रीकरण करीत जाब विचारण्याचा वा मारहाण करण्याचा अधिकार गल्लीला नाही. ज्या घरी ते गेले त्या घराची तक्रारच नसेल, तर शेजाऱ्याची तक्रार कोणत्या नात्याने, हा प्रश्न पोलिसांनीही विचारायला हवा. जमावाच्या दबावाखाली प्रचारकांनाच ठाण्यात बसवून ठेवणे हा सोपा मार्ग असतो, योग्य असतोच असे नाही.

शिवाय, सगळ्यांनाच दार लावायचे नसते. खानदेशातील कितीतरी घरांत आता म्हातारी माणसेच उरली आहेत, मुले पुणे-मुंबईला वा त्याहून दूर. दिवसभरात बोलायला कोणी नसताना आठवड्याच्या ठरावीक वारी दोघी जणी येतात, तब्येतीची चौकशी करतात, पुस्तकातले काही वाचून दाखवितात. आजी चहा ठेवतात, मध्येच आपल्या एकादशीचे, मुक्ताईच्या पालखीचे सांगतात आणि त्या दोघीही ऐकून घेतात. मुलाला फोनवर कळले, की तो रागावतो. "आई, कशाला दार उघडतेस?" असे विचारतो. दिवाळीला आला म्हणजे दाराला पाटी लावून देतो, असेही सांगतो. आजी बरे म्हणतात आणि गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास पुन्हा फाटकाकडे कान देऊन बसतात.